परक्या किनाऱ्यावरचे ओळखीचे शब्द

विद्यार्थी मित्रांनो, युरोपचा नकाशा समोर ठेवा. खालच्या बाजूला एक लांबट समुद्र दिसेल. तो भूमध्य समुद्र. युरोप, आशिया आणि आफ्रिका या तीन खंडांच्या भूमीमध्ये तो आहे, म्हणून त्याचे नाव भूमध्य. उर्दूत त्याला 'बहीरा-ए-रूम' म्हणतात. या समुद्राच्या पश्चिम टोकाला स्पेन हा देश आहे. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागा नावाचे शहर आहे. तेथून पूर्वेकडे सालोब्रेन्या या गावापर्यंत मी बसने प्रवास केला. अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. एका हाताला निळा समुद्र आणि दुसऱ्या हाताला डोंगर, असा तो रस्ता आहे.

मी गेलो होतो किल्ले आणि जुनी गावे पाहायला. ती पाहिलीही. पण आज मी तुम्हांला सांगणार आहे ते तेथे ऐकलेल्या शब्दांविषयी. ते शब्द समजणे तुम्हांला माझ्यापेक्षा सोपे जाईल, कारण तुम्हांला उर्दू येते.

इ.स. ७११ मध्ये अरब आणि बर्बर लोकांचे सैन्य आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरले. तेव्हापासून इ.स. १४९२ पर्यंत, म्हणजे सुमारे पावणेआठशे वर्षे, स्पेनच्या कमीअधिक भागावर मुसलमान राजांचे राज्य होते. त्या प्रदेशाला अरबी भाषेत 'अल्-अंदलुस' म्हणत. दक्षिण स्पेनला आजही आंदालुसिया असेच म्हणतात.

मालागा शहरात एका टेकडीवर जुना किल्ला आहे. त्याचे नाव 'आल्कासाबा'. हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अरबी 'अल्-कसबा'चे हे स्पॅनिश रूप. उर्दूत तुम्ही 'कस्बा' म्हणता. मराठीत कसबा म्हणजे बाजारपेठेचे मोठे गाव. पुण्याची कसबा पेठ तुम्हांला ऐकून माहीत असेलच. किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन नाट्यगृह आहे. ते मातीखाली गाडले गेले होते. १९५१ साली ते सापडले. किल्ला बांधणाऱ्यांनी या नाट्यगृहाचे खांब उचलून आपल्या कमानींना लावले होते. आजही अरबी कमानीखाली रोमन खांब उभे आहेत. कोणत्याही जुन्या गावात नीट पाहिले, तर एकाच्या पायावर दुसऱ्याची भिंत असते.

शहराची मंडई त्याहून मजेदार. तिचे नाव 'आतारासानास'. आत मासळी, फळे आणि भाज्या यांचे ढीग असतात. ही मंडई एकोणिसाव्या शतकात लोखंडात बांधली. पण तिच्या दर्शनी भागात संगमरवराची एक उंच अरबी कमान आहे. पूर्वी तेथे जहाजे बांधण्याचा कारखाना होता आणि समुद्राचे पाणी त्या कमानीपर्यंत येत असे. अरबीत कारखान्याला 'दार अस्-सिनाआ' म्हणत. उद्योगाला उर्दूत 'सनअत' म्हणतात, तोच हा शब्द. जहाजे गेली, समुद्र मागे हटला, पण नाव मात्र तेथेच राहिले. शहरातून वाहणाऱ्या नदीचे नाव 'ग्वादालमेदीना' आहे. 'वादी' आणि 'मदीना' हे दोन शब्द त्यात तुम्हांला दिसलेच असतील. शहराची नदी, एवढाच त्याचा अर्थ.

मालागाहून पूर्वेला नेर्हा हे गाव लागते. त्याच्याजवळ एक प्रचंड गुहा आहे. १९५९ साली पाच मुले वटवाघळे शोधत डोंगरात हिंडत होती. त्यांना एका अरुंद फटीतून आत जाण्याची वाट सापडली. आत काय होते? पाण्यातून ठिबकणाऱ्या चुन्याने हजारो वर्षांत घडवलेली दालने, सुमारे ३२ मीटर उंचीचा एक स्तंभ आणि फार प्राचीन काळच्या माणसांच्या खुणा! तुमच्याच वयाच्या आसपासच्या मुलांनी ही गुहा जगाला दिली.

याच गावाजवळ दरीवर चार मजली कमानींचा एक जलसेतू आहे. तो एकोणिसाव्या शतकातला. तो कशासाठी बांधला, ठाऊक आहे? साखरेच्या कारखान्याला पाणी नेण्यासाठी. होय, या किनाऱ्यावर ऊस पिकत असे. उत्तरेकडची उंच पर्वतरांग थंड वारे अडवते, म्हणून येथील हवा उबदार राहते. आज तेथे आंबे होतात आणि आपल्या सीताफळाच्या जातीचे चिरिमोया नावाचे फळही होते. ऊस मात्र आपल्याकडून निघाला. भारतातून तो इराणात गेला. इराणातून अरबांनी तो भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने स्पेनपर्यंत नेला. उसाबरोबर त्याचे नावही गेले. संस्कृतात शर्करा, मराठीत साखर, उर्दूत शकर, अरबीत सुक्कर आणि स्पॅनिशमध्ये 'आसूकार'. मालागाच्या रस्त्यांवर लावलेली नारिंगाची झाडेही अशीच पूर्वेकडून आली. स्पॅनिश लोक त्या फळाला 'नारांहा' म्हणतात.

पुढचे गाव आल्मुन्येकार. येथे समुद्रकाठच्या एका बागेत दगडी हौद आहेत. रोमन काळात त्यांत मासे खारवत असत. पण मी तेथे गेलो तो एका तरुणाचा पुतळा पाहायला. त्याचे नाव अब्दुर्रहमान. इ.स. ७५० मध्ये दमास्कसची उमय्या राजवट उलथली. घराण्यातील माणसे मारली गेली. विशीतला हा राजपुत्र जीव वाचवून निघाला. लपतछपत त्याने उत्तर आफ्रिका ओलांडली. पाच वर्षांनी, इ.स. ७५५ मध्ये, तो याच किनाऱ्यावर उतरला आणि पुढच्याच वर्षी कुर्तुबा येथे त्याने आपले राज्य स्थापन केले. कवी इक्बाल १९३३ साली स्पेनला गेले होते. 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही त्यांची कविता त्याच प्रवासातली. अब्दुर्रहमानने लावलेल्या खजुराच्या पहिल्या झाडावरही त्यांची एक कविता आहे. उर्दूच्या शिक्षकांना विचारा, ते ती तुम्हांला नक्की वाचून दाखवतील.

गावाबाहेर एक म्हातारा शेतकरी फळझाडांना पाणी सोडत होता. फावड्याने त्याने पाटाचे तोंड उघडले आणि पाणी खळखळत बागेत शिरले. अगदी आपल्याकडच्यासारखे! या पाटाला काय म्हणतात, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "आसेकिया." अरबी 'अस्-साकिया' म्हणजे पाणी पाजणारी. तुमच्या उर्दू गझलेतला 'साकी' आणि हा पाट एकाच कुळातले! गझलेत तो प्याला भरतो आणि येथे झाडांना पाणी देतो.

सालोब्रेन्या हे गाव एका खडकावर वसले आहे. पांढरीशुभ्र घरे आणि माथ्यावर किल्ला. ग्रानाडाचे राजे या किल्ल्यात आपल्या भावाबंदांना कैदेत ठेवत. येथील एका कैदी राजपुत्राची गोष्ट सांगतात. त्याचे नाव यूसुफ. राजाने त्याला मारण्याचा हुकूम पाठवला, तेव्हा तो बुद्धिबळ खेळत होता. "एवढा डाव संपू द्या," अशी विनंती त्याने केली. डाव संपायच्या आतच राजा वारल्याची बातमी आली आणि यूसुफ स्वतःच राजा झाला. ही दंतकथा असेल. पण यूसुफ येथे कैदेत होता आणि इ.स. १४०८ मध्ये तो ग्रानाडाचा राजा झाला, हे खरे आहे. बुद्धिबळाला स्पॅनिशमध्ये 'आहेद्रेस' म्हणतात. संस्कृत चतुरंग, अरबी-उर्दू शतरंज आणि हा आहेद्रेस, असा हा डाव आपल्या देशातून निघून तेथवर पोहोचला. किल्ल्यावरून खाली पाहिले, तर सपाट हिरवी शेते दिसतात. एकेकाळी ती उसाची होती. २००६ साली येथला शेवटचा साखर कारखाना बंद पडला.

परतताना मी समुद्र सोडून थोडा वर डोंगरात गेलो. तेथे फ्रिहिल्याना नावाचे गाव आहे. बारीक गोट्यांनी बांधलेल्या चढणीच्या गल्ल्या, चुन्याने रंगवलेल्या भिंती आणि दारोदारी फुलांच्या कुंड्या. गाव इतके सुंदर, की दुःखाची आठवणही होऊ नये. पण गल्लीगल्लीतल्या भिंतींवर बारा चित्रफलक लावलेले आहेत. चिनी मातीच्या फरशांवरची ही चित्रे १५६९ सालच्या एका लढाईची कथा सांगतात. ती लढाई गावाच्या वरच्या डोंगरावर झाली.

ती का झाली? १४९२ मध्ये ग्रानाडाचे राज्य गेले. तुमचा धर्म आणि चालीरीती सांभाळू, असे वचन प्रजेला दिले होते. ते थोड्याच वर्षांत मोडले. लोकांना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा लोकांना 'मोरिस्को' म्हणत. पुढे १५६७ साली राजा दुसरा फिलिप याचा हुकूम निघाला. तीन वर्षांत सर्वांनी कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश भाषा शिकावी, त्यानंतर अरबीत बोलणे, वाचणे, लिहिणे बंद, घरातसुद्धा बंद!

ग्रानाडात फ्रान्सिस्को नून्येस मुले नावाचा एक वृद्ध मोरिस्को होता. त्याने अधिकाऱ्यांपुढे लेखी अर्ज केला. त्याचे म्हणणे असे होते, की भाषा आणि धर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीरियातले आणि माल्टा बेटावरचे ख्रिस्ती लोक अरबी बोलतात, तरी ते ख्रिस्तीच आहेत. मग जी भाषा घेऊन माणूस जन्मला आणि वाढला, ती त्याच्यापासून हिरावून काय मिळणार? किती साधा आणि सरळ प्रश्न! पण त्याचे कोणी ऐकले नाही. १५६८ च्या अखेरीस बंड झाले. ते मोडले गेले. पुढे १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधून घालवून देण्यात आले. बरेचसे मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया येथे गेले.

मुलांनो, दुसरी भाषा शिकवणे वेगळे आणि पहिली भाषा हिरावणे वेगळे. शिकवण्याने माणूस मोठा होतो. हिरावण्याने तो मुका होतो. तुम्ही आज मराठीचा हा धडा वाचत आहात आणि पुढच्या तासाला उर्दूचा धडा वाचाल. एक शिकण्यासाठी दुसरी टाकावी लागत नाही. तुम्हांला यात विशेष काही वाटत नसेल. पण फ्रिहिल्यानाच्या मुलांना चारशे वर्षांपूर्वी एवढेच हवे होते आणि तेच मिळाले नाही.

राजाचा हुकूम पुरता यशस्वी मात्र झाला नाही. माणसे गेली, पण त्यांचे हजारो शब्द स्पॅनिशमध्ये राहिले. गावच्या नगराध्यक्षाला आजही 'आल्काल्दे' म्हणतात. तो शब्द अरबी 'अल्-कादी', म्हणजे आपला काझी. ज्याने हुकूम काढला, त्याच्या भाषेतही हे शब्द होतेच.

फ्रिहिल्यानाला उसाचा रस आटवून पाक करतात. एका लहानशा खाणावळीत मालकीणबाईंनी वांग्याचे तळलेले काप आणले आणि त्यांवर तो काळसर पाक ओतला. मी चाखून पाहिला. ती काकवी होती! कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर मिळते तशीच. वांग्याला त्या 'बेरेनहेना' म्हणाल्या. अरबी 'बादिंजान'पासून तो शब्द झाला आणि बादिंजानचे मूळ पुन्हा आपल्या भारताकडेच जाते. निघताना मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणालो, "पुन्हा येईन." त्या हसून म्हणाल्या, "ओहाला!" म्हणजे, तसे घडो. हा शब्दही अरबी आहे. त्याचा मूळ अर्थ, अल्लाहची इच्छा असेल तर. त्या बाईंना हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. पण त्यांच्या आजीने आणि आजीच्या आजीनेही पाहुण्याला निरोप देताना हाच शब्द वापरला असणार.

आता एक काम तुमच्यासाठी. वहीचे एक पान घ्या. मराठीत आणि उर्दूत सारखे असलेले शब्द त्यावर लिहीत चला. अर्ज, कायदा, हुकूम, शहर, बाजार, दुकान, जमीन. पान केव्हा भरले ते कळणारही नाही. त्यातला प्रत्येक शब्द कधीतरी कोणा माणसाबरोबर दूरचा प्रवास करून आला आहे. मग तो या घरात राहिला आणि घरचाच झाला.