पलीकडे माणूस हवा

सातपुड्यातल्या ग्रामीण रुग्णालयात काम करताना माझ्या मोबाईलमध्ये बरीच ॲप आली. काही वरच्या आदेशाने, काही मी हौसेने घेतलेली. रोज हाताशी असतं ते साधं व्हॉट्सॲप. तिथे पलीकडे उत्तर देणारं माणूस असतं.

छातीत दुखतंय म्हणून एखादा शेतकरी घामाने डबडबलेला येतो. ॲस्पिरिन देऊन सिस्टर ईसीजी काढतात. पट्टी टेबलावर सपाट धरायची, ट्यूबलाइटची चमक पडू द्यायची नाही, पेशंटचं नाव झाकायचं, फोटोत बाराही लीड नीट यायला हव्यात. मग तो पाठवायला, रेंजसाठी व्हरांड्याच्या टोकाला जायचं. दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर उचललेलं असलं, तर झटका हृदयाच्या खालच्या भागाला आहे, एवढं मलाही कळतं. पण हृदयरोगतज्ज्ञ मॅडम फोनवर आधी विचारतात, "उजव्या बाजूच्या लीड काढल्यास का? तोवर सॉर्बिट्रेट देऊ नकोस." हृदयाचा उजवा कप्पाही झटक्यात सापडला असेल, तर त्या गोळीने बीपी धाडकन कोसळतं. मग रक्तस्रावाचा धोका नाही ना, हे विचारून गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज, 15 लाख युनिट, तासाभरात. पावसाळ्यात मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर चांदसैली घाटात दरड कोसळलेली असली, तरी उपचार सुरू झालेला असतो.

25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. तोवर फोनवरच्या सल्ल्याला नियमांचा स्पष्ट आधार नव्हता. ज्येष्ठ डॉक्टर कचरत, ते उगाच नव्हे. ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेचाही त्वचारोगाच्या आणि मानसिक आजाराच्या पेशंटना उपयोग होतो.

नोंदींच्या ॲपचं तसं नाही. एकाच गरोदर बाईची माहिती रजिस्टरमध्ये, पुन्हा पोर्टलवर. पाड्यावर रेंज नसते, म्हणून एएनएम ताई रात्री घरी बसून ती भरतात. त्या बाईचं हिमोग्लोबिन सात आलं, तर पुढे काय करायचं हे मात्र तिथून कोणी सांगत नाही. आणि ठपका येतो, की खेड्यातले डॉक्टर नवं काही स्वीकारत नाहीत! मला हे मुळीच मान्य नाही. पेशंट समोर असताना जे कामी येतं, ते आम्ही कोणी न सांगता उचलतो.

मॅडम रात्री दोनला फोन उचलतात, तो त्यांच्या चांगुलपणाने. ॲप बनवणाऱ्यांनी एकदा बाजाराच्या दिवशी आमच्या ओपीडीत येऊन बसावं. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने असे फोन घेणारा एक तज्ज्ञ रात्रपाळीला नेमावा, ते काम त्याच्या ड्युटीत धरावं.