खांबाचा पाय

माळवदी घराचा भार मुख्यतः लाकडावर असतो. जोत्यावर दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खांब आणि तुळई यांना खिळ्याची गरज नसते. खांबाच्या माथ्याचे कुसू तुळईच्या भोकात घट्ट बसते. भीमा नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. वडगाव रासाई गावाच्या या नदीकाठच्या पट्ट्यात पाऊस बेताचाच, म्हणून मातीचे सपाट छप्पर इथे चालून गेले.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अशी घरे बदनाम झाली. माणसे गाडली गेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीच्या ओझ्याखाली. जिथे लाकडी सांगाडा धड होता, तिथे भिंती ढासळूनही छप्पर खांबांवर तोललेले राहिल्याची उदाहरणे आहेत. दोष लाकडाकडे जात नाही.

लाकडाचा खरा शत्रू साचलेली ओल. माळवदावरचे गवत वेळेवर उपटले नाही की मुळांच्या वाटेने पाणी कडीपर्यंत उतरते; पन्हळ तुंबली की भिंतीत मुरते. ओलीमागून वाळवी येते. खांबाचा पाय जाड टोच्याने टोचून पाहावा. टोच्या अडला आणि ठणठणीत आवाज आला, तर लाकूड शाबूत; भुसभुशीत आत गेला, तर आतून पोकळ. रंगाच्या चकचकीत थराखाली हा पोकळपणा दिसतच नाही.

पाय कुजला म्हणून खांब टाकायचा नसतो. बाजूला धिरे देऊन तुळईचा भार उचलायचा, कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापायचा आणि जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. नवे ओले लाकूड पुढे आकसते आणि सांधा सुटतो. घाईने खांबाच्या बुंध्याभोवती सिमेंट थापणे हा सर्वांत घातक उपाय: ओल आत कोंडते आणि धडधाकट लाकूडही कुजते. सांधल्यावर जवसाचे तेल पुरते.

वाडा बंद पडला की चुलीचा धूर थांबतो, वारा थांबतो, माळवदावर कोणी चढत नाही. मग वाडा उतरवून लाकूड विकले जाते. कोरीव खांब शहरातल्या हॉटेलात जातो, उंबरा जळणात. वाडा विकायला काढण्याआधी घरच्यांनी गावच्या सुताराला बोलावून प्रत्येक खांबाचा पाय एकदा टोचून पाहावा.