आयत्या वेळचें बिऱ्हाड

परदेशच्या प्रवासाची तयारी आपल्या घरांतून महिना महिना चालते. लाडू-चिवड्याचे डबे भरले जातात, औषधांच्या पुड्यांवर नांवें घातलीं जातात, आणि मुक्कामाचा बंदोबस्त तर सर्वांच्या आधीं झालेला असतो. परंतु ठरलेलें बिऱ्हाड ऐन तिन्हीसांजेस हातचें गेलें तर शोध कोणत्या दिशेनें घ्यावा, याचा विचार वाचकांपैकीं फार थोड्यांनीं केला असेल.

सन २०२४ च्या सप्टेंबरअखेर मातुःश्री, आमची पत्नी व आम्ही असे तिघे जर्मनींत होतों. म्यूनिक येथें एका स्नेह्यांकडे दोन रात्री उतरावयाचें होतें. न्यूरेंबर्गहून निघालेली आमची आगगाडी शहराजवळ येते तोंच त्यांचा फोन आला. धाकट्या मुलाच्या अंगावर त्याच दुपारीं कांजिण्या उठल्या होत्या, आणि ७४ वर्षांच्या वृद्धेस अशा घरीं आणणें त्यांस प्रशस्त वाटेना. त्यांचें म्हणणें सर्वस्वीं योग्य होतें. दुर्दैव एवढेंच कीं, तो शनिवार होता आणि शहरांत ‘ऑक्टोबरफेस्ट’ चालू होता.

हा उत्सव १८१० सालीं बव्हेरियाचा युवराज लुडविग याच्या विवाहानिमित्त सुरू झाला. नांव ऑक्टोबरचें असलें तरी त्याचा बराचसा भाग सप्टेंबरांतच उरकतो. लक्षावधि लोक बीअर पिण्यास लोटतात आणि खोल्यांचीं भाडीं गगनास भिडतात. मोबाइलवर पाहतां स्थानकाजवळची एक सामान्य खोली तिघांस ४२० युरोंस, म्हणजे सुमारें ३९,००० रुपयांस मिळत होती. तरुणांच्या वसतिगृहांत सुट्या खाटा होत्या. पण त्या शिडीनें चढावयाच्या, आणि मातुःश्रींचे गुडघे शिडीस अनुकूल नाहींत.

“एक रात्र तर काढायची! बाकावर बसूं. तेवढ्या पैशांत आपल्या घरीं तीन महिन्यांचें वाणसामान येतें,” असें मातुःश्रींचें मत पडलें.

जर्मनींतील मोठ्या स्थानकांवर ‘बानहोफ्समिसिओन’ नांवाची धर्मादाय संस्था असते. खेड्यांतून शहरांत कामास येणाऱ्या मुलींस फसवणुकीपासून संभाळावें, म्हणून ती १८९४ सालीं बर्लिनमध्यें निघाली. आज कोणाही अडलेल्या प्रवाशास तेथें टेकावयास जागा व गरम चहा मिळतो. म्यूनिकच्या स्थानकावरही ती आहे. आम्ही मातुःश्रींस तेथें नेऊन बसविलें. इतक्यांत एक स्त्री पोर कडेवर घेऊन आंत आली. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. मातुःश्री तत्काळ उठल्या. “ही जागा जिला कोणी नाहीं तिची. आपल्यापाशीं पैसे आहेत. ते खर्चायला जिवावर येतें म्हणून इथें बसणें बरें नव्हे.”

चारशें वीस युरो देण्यास त्या राजी नव्हत्या, आणि फुकटच्या खुर्चीसही राजी नव्हत्या. या दोहोंमधली वाट काढणें आतां आमच्यावर आलें.

आपण जागा शोधतों ती शहराच्या नांवानें. आमचें मत असें झालें आहे कीं, आयत्या वेळीं ती रुळांच्या अनुरोधानें शोधावी. बव्हेरियांत ‘बायर्न-टिकेट’ म्हणून एक सोय आहे. एकाच तिकिटावर पांच माणसांपर्यंत मंडळी साध्या गाड्यांनीं प्रांतभर हिंडूं शकतात. तें दुसऱ्या दिवशीं पहाटें ३ वाजेपर्यंत चालतें. न्यूरेंबर्गास काढलेलें तें तिकीट आमच्या खिशांत होतेंच. अर्थात् साठ किलोमीटरांवरचें आउग्सबुर्ग आम्हांस त्या रात्रीं वेगळा पैसाही न पडतां पाऊण तासावर होतें.

ही युक्ति इतरांनाही सुचते. त्यामुळें तेथील खोल्याही मोबाइलवर भरलेल्याच दिसत होत्या. परंतु त्या देशीं ‘गास्टहोफ’ म्हणून जुन्या धर्तीचीं घरें असतात, खालीं खाणावळ व वर चार-सहा खोल्या. एखाद्या गिऱ्हाइकानें संध्याकाळीं बेत रहित केला, तर ती खोली यादींत चढावयाच्या आधीं मालकिणीस ठाऊक असते. तेव्हां सरळ फोन करावा. पुण्याच्या मॅक्सम्युल्लर भवनांत पत्नीनें दोन वर्षें जर्मन गिरविली होती, तिचें चीज त्या रात्रीं झालें. आम्ही बॅगा राखीत उभे होतों. दोन ठिकाणीं नकार आला. तिसऱ्या ठिकाणीं तळमजल्यावरची एक खोली नुकतीच मोकळी झाली होती. भाडें ९६ युरो, सकाळच्या न्याहारीसह. पत्नीनें जिने किती, स्नानगृह कोठें, आणि आम्ही पोंचेपर्यंत दार कोण उघडणार, हें तिन्ही आधींच विचारून घेतलें. शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजूं नये. अशा घरांतून मालक लौकर निजतात आणि किल्ली दाराशीं एका पेटींत ठेवून तिचा आंकडा सांगतात. स्नानगृह पडवीच्या टोकाशीं सामाईक होतें, एवढीच काय ती गैरसोय. गाद्या मात्र अशा कीं, मातुःश्रींस उठवावें लागलें.

दुसऱ्या दिवशीं तेथील ‘फुगराय’ पाहिली. याकोब फुगर या धनाढ्य सावकारानें गांवांतील गरीब कॅथलिक कष्टकऱ्यांकरितां १५२१ सालीं ही वसाहत करून दिली. संगीतकार मोझार्टचे पणजोबा येथेंच राहत. भाडें तेव्हां वर्षास एक ऱ्हाइनी गुल्डन होतें. तेंच आजही ८८ सेंट म्हणून घेतात, शिवाय दिवसांतून तीन प्रार्थना. रात्रीं १० वाजतां वेस लागते. उशीरां येणारास ५० सेंट, आणि मध्यरात्रीनंतर एक युरो दंड.

मातुःश्रींनीं वर्षाच्या भाड्याचे रुपये करविले. ऐंशीच्या आसपास भरले. त्या बराच वेळ त्या पिवळ्या भिंतींकडे पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “आपल्या वाड्यांतल्या भाडेकरूंकडे हें बोलूं नकोस हो.”