उज्जैनची बादली

आमचा थोरला मुलगा काय करतो, असे कोणी विचारले म्हणजे ‘संगणकात आहे’ एवढेच सांगून आम्ही वेळ मारून नेत असू. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाकडून याहून अधिक खुलाशाची अपेक्षा कोणी करीतही नसे. वस्तुतः इंदूर, देवास, धार आणि उज्जैन येथे शाखा असलेल्या एका रोगनिदान प्रयोगशाळेचे सर्व्हर सांभाळणे, हे त्याचे काम. सर्व्हर अडला की रुग्णांचे अहवाल अडतात, आणि अहवाल अडले की डॉक्टरही अडतात. त्यामुळे रात्री-अपरात्री फोन आला की स्वारी मोटारसायकलवरून उज्जैनला निघे. सुमारे ५५ किलोमीटरांचा रस्ता. पावसाळ्यात तो परत येईपर्यंत सौ.च्या डोळ्याला डोळा लागत नसे.

गेल्या वर्षी त्याने या सर्व यंत्रांची सूत्रे इंदूरच्या मुख्य कचेरीत एकत्र आणली. दूरचे यंत्र चालवायचे म्हणजे काय, हे त्याने आम्हांला जेवताना समजावले. तिकडच्या पडद्याचे चित्र तेवढे इकडे येते, आणि आपण दाबलेल्या कळा व माउसची हालचाल तिकडे पोचते. मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरांसाठी ही सोय १९९८ मध्ये आणली. तिचे ठरलेले दार क्रमांक ३३८९. परंतु हा क्रमांक चोरांनाही पाठ असतो, म्हणून ते दार रस्त्यावर उघडे ठेवायचे नाही. २०१९ साली या सोयीत ‘ब्लूकीप’ नावाचे असे भगदाड सापडले की, मायक्रोसॉफ्टने ज्यांची देखभाल थांबविली होती त्या जुन्या विंडोज एक्सपीलाही ठिगळ पाठवावे लागले. तेव्हा त्याने असे केले: घरून आधी व्हीपीएन नावाच्या गुप्त बोगद्यातून कचेरीतल्या एका पहारेकरी संगणकापर्यंत जायचे, मोबाइलवर आलेला आकडा दाखवायचा, आणि तेथूनच चारही गावांत शिरायचे. अन्य कोणत्याही वाटेने आलेल्यास मज्जाव.

महेश्वरी राहून अहिल्याबाईंनी १७८० साली काशी विश्वनाथाचे मंदिर उभारविले. दुरून कारभार करणे आम्हां इंदूरकरांना नवे नाही, असे आम्ही अभिमानाने बोलून गेलो. काशीत दगडावर दगड रचणारी माणसे होती, हे मात्र तेव्हा ध्यानात आले नाही.

वर्षभर सौ. सुखाने झोपली. पुढे श्रावणातल्या एका रात्री तो माडीवरून खाली आला तो चेहरा पाडूनच. उज्जैनच्या यंत्रावर कोणास प्रवेश द्यायचा, त्या यादीत फेरफार करताना पहारेकरी संगणकाच्या पत्त्यातला एक आकडा चुकला. नियम लागू झाला आणि स्वतः तोच बाहेर! घरात उभे राहून बाहेर कडी लावावी, तसेच हे. असा बदल करण्यापूर्वी दहा मिनिटांनी जुना नियम आपोआप परत येईल अशी तजवीज करून ठेवायची असते; ती त्या रात्री राहिली. मोठ्या सर्व्हरांत अशा प्रसंगासाठी वेगळी वाट असते, पण उज्जैनचे यंत्र त्या जातीचे नव्हते.

“एकटा जाऊ नकोस रे,” सौ. म्हणाली. पन्नाशी उलटलेले आम्ही रेनकोट चढवून मागे बसलो.

चौकीदाराने शटर वर केले. दुरुस्तीस पाच मिनिटेही लागली नाहीत. आम्ही पाहत राहिलो ते दुसरेच. भिंतीवरच्या एसीतून पाणी ठिबकत होते आणि सर्व्हरपासून वीतभर अंतरावर एक निळी प्लास्टिकची बादली ठेवलेली होती, निम्मी भरलेली.

“यह कब से?” मुलाने विचारले.

“पंद्रह दिन हो गए, भैया. दो-दो घंटे में खाली कर देता हूँ. पहले आप आते थे तो बता देते थे. अब किसको बताएँ?”

पंधरा दिवस इंदूरच्या पडद्यावर त्या यंत्राची खूण हिरवी दिसत होती. यंत्राची उष्णता, स्मृती, साठा, सारे आकडे त्याला घरबसल्या समजत होते.

दोघांनी मिळून ते यंत्र पलीकडच्या भिंतीशी सरकवले. बादली त्याने स्वतः रिती करून आणली. चौकीदाराने स्टोव्हवर चहा ठेवला. निघताना मुलाने त्याचा मोबाइल क्रमांक टिपून घेतला. इतक्या वर्षांत तो आपल्याजवळ नव्हता, हे सांगताना त्याने आमच्याकडे पाहिले नाही.