आरोपी सापडला नाही, म्हणून काय झाले?

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. रोपवेने गडावर जाणारी माणसे इथूनच पाळण्यात बसतात. आमची मावशी याच वाडीत राहते. रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून ती ताक आणि लिंबूसरबत विकते. सुट्टीच्या दिवशी चार पैसे बरे मिळतात, पावसाळ्यात धंदा बसतो. काका गेल्यापासून घर तिच्यावर आणि तिच्या थोरल्या मुलावर चालले होते.

आम्ही महाडला एका कचेरीत लिपिक आहोत. बी.कॉम. झालो, नोकरी लागली, आणि बाबासाहेबांच्या उपकाराची थोडीफार फेड म्हणून दर रविवारी विहारात बसून वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देतो. शिष्यवृत्ती असो, रेशनकार्ड असो, निराधार योजना असो, अर्ज लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही असा आमचा समज होता. तो समज कसा उतरला, तेच आज वाचक बंधू-भगिनींना सांगायचे आहे.

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. मावशीचा मुलगा टेम्पोवर क्लीनर होता. रात्री काम संपवून एकटाच पायी येत असताना तीन-चार जणांनी त्याला अडवले. खिशातले पैसे घेतले आणि लोखंडी सळईने मारले. अंधार होता, पाऊस होता, तोंडे बांधलेली होती. उजव्या हाताचे हाड कोपराजवळ चुरगळले. दोन शस्त्रक्रिया झाल्या. जीव वाचला, पण हात पूर्वीसारखा वळेना. ज्या हाताने पोती उचलायची, त्या हाताने भाकरीचा तुकडा मोडता येईना.

मावशीने दोन बकऱ्या विकल्या. कानातले गहाण टाकले. बचत गटातून कर्ज काढले. फिर्याद दिलेली होतीच. पुढे बऱ्याच महिन्यांनी घरी एक कागद आला. मावशी तो पदरात बांधून आमच्याकडे घेऊन आली. ती ‘अ’ समरी होती. म्हणजे गुन्हा खरा घडला आहे, पण आरोपी मिळून येत नाहीत, सबब तपास थांबवला आहे.

“बाळा, यात काय लिवलंय?”

आम्ही वाचून दाखवले आणि वर आमचे शहाणपण जोडले. म्हणालो, “मावशी, केस बंद झाली. आता आरोपीच नाही, तर भरपाई तरी कोण देणार? आता काही होणार नाही.”

मावशी काही बोलली नाही. कागदाची घडी घातली, चहा घेतला आणि शेवटच्या एसटीने वाडीला गेली. आम्हीही तो विषय विसरलो. आमच्या त्या एका वाक्याने तिचे पाच महिने गेले. या पाच महिन्यांत कर्जाचे व्याज चढत होते आणि तिकडे पोर दिवसभर ओटीवर बसून राहत होते.

पुढे महाडला कायदेविषयक शिबिर होते. आम्ही सतरंज्या घालायला आणि माणसे जमवायला गेलो होतो. एक वकील भगिनी बोलत होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या की, आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरीसुद्धा पीडिताला शासनाकडे भरपाई मागता येते. आम्हाला ते खरे वाटेना. भाषण संपल्यावर त्यांना गाठले. त्यांनी कलमच काढून पुढे ठेवले. फौजदारी प्रक्रिया संहितेतले कलम ३५७-अ. २००८ च्या दुरुस्तीने ते आले आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाले. त्याच्या चौथ्या पोटकलमात स्पष्ट म्हटले होते की, गुन्हेगाराचा शोध लागला नाही किंवा त्याची ओळख पटली नाही, पण पीडित कोण हे ठाऊक आहे आणि खटला चाललेला नाही, अशा वेळी पीडिताने किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांनी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. ज्या कागदाला आम्ही ‘केस बंद’ म्हणालो होतो, तोच कागद या अर्जाचा आधार होता!

दुसऱ्याच दिवशी हिरकणीवाडी गाठली. वाटले, मावशी आनंदेल. झाले उलटेच.

“नको मला ते पैसं,” मावशी म्हणाली. “लोक म्हणतील, पोराचा हात इकला. आन सरकारपुढं पदर कशाला पसरू? मारलं त्यांनी, सरकारनं नाही मारलं.”

तिचे बोलणे अडाणीपणाचे नव्हते. आपल्या समाजाने बलुत्याचे तुकडे नाकारले, मेलेली ढोरे ओढणे सोडले, तेव्हा कुठे मान ताठ झाली. फुकटचे घ्यायचे नाही हा बाणा आपल्या रक्तात आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण भीक आणि हक्क यांतला फरक कळला नाही, तर हा बाणा आपल्याच लेकरांच्या ताटातली भाकरी काढून घेतो.

आम्ही तिला विचारले, “मावशी, २०२० च्या जून महिन्यात निसर्ग वादळाने तुझे पत्रे उडाले. तलाठ्याने पंचनामा केला, तू मदत घेतलीस. ती भीक होती का?”

“नाही. ती समद्यांनाच मिळाली.”

“२०२१ च्या जुलैमध्ये महाड बुडाले, तळियेवर डोंगर कोसळला. माणसे गेली, त्यांच्या वारसांना मदत मिळाली. त्यांनी माणसे विकली असे तू म्हणशील का?”

मावशी गप्प राहिली. मग आम्ही सांगितले ते असे. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला सुखरूप घरी पोहोचता यावे ही राज्याची जबाबदारी आहे. ते राखणे जमले नाही आणि गुन्हेगारही हाती लागला नाही, तर त्याचा सगळा भार मार खाणाऱ्या घरानेच का सोसावा? तो भार राज्याने वाटून घ्यावा, एवढाच या पैशाचा अर्थ आहे. ती हाताची किंमत नव्हे. हाताला किंमत नसते. आणि हे पैसे घेतले म्हणून गुन्हेगाराला माफीही मिळत नाही. उद्या तो सापडला, तर तपास पुन्हा सुरू होऊ शकतो.

हा विचार काही आपल्याच देशाचा नाही. न्यूझीलंडने १९६३ साली तसा कायदा केला, पाठोपाठ १९६४ साली ब्रिटनने योजना काढली. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली गुन्ह्याच्या पीडितांसाठी जाहीरनामा मंजूर केला. आपल्याकडे ते यायला २००९ उजाडले आणि महाराष्ट्राची स्वतःची योजना २०१४ साली आली.

महाडच्या माणसाला तर याचे मोल विशेष कळले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी आवई उठवून परतीच्या तयारीत असलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला. कित्येकांची डोकी फुटली. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना हात उचलू दिला नाही, कायद्याची वाट धरली. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे शिक्षाही झाली. पण जे जखमी होऊन पायी गावी गेले, त्यांच्या चुलीचे काय झाले? शासनाने त्यांना भरपाई द्यावी अशी तरतूदच तेव्हा नव्हती. आज ती आहे, आणि ती ज्या संविधानाच्या छत्राखाली आली ते कोणाच्या हातचे आहे, हे आपल्या घरी सांगायला नको. मग ते न वापरता पेटीत ठेवायचे काय?

मावशीने बराच वेळ विचार केला. मग म्हणाली, “लिव अर्ज. पण त्यात ‘मेहेरबानी’ असं लिवू नको.”

आम्ही ‘मेहेरबानी’ लिहिले नाही. आजवर शेकडो अर्जांत तो शब्द आम्ही सवयीने लिहीत आलो होतो. त्या दिवसापासून तो सोडला.

मग कागदांची जमवाजमव सुरू झाली. फिर्यादीची प्रत, समरीचा कागद, रुग्णालयातून सुटल्याचे कार्ड, जखमेचा दाखला, औषधांची बिले, रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक. बिले मावशीने पिठाच्या डब्यात जपून ठेवली होती म्हणून बरे. एका कचेरीत खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी कागद न वाचताच परत सरकवले आणि म्हणाले, “आरोपीच नाही, तर भरपाई कसली?” आम्हाला राग आला, पण लगेच खाली मान घालावी लागली. अगदी हेच वाक्य आम्ही मावशीला ऐकवले होते. आम्ही त्यांना शांतपणे कलम दाखवले आणि कागद पुन्हा आत सरकवला.

अर्ज अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला. वाडीपासून महाड पंचवीसेक किलोमीटर, आणि तिथून अलिबाग शंभराच्या वर. पण प्रत्येक वेळी एवढे जावे लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे मार्गदर्शन मिळते. आमचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडायचे राहिले होते, त्यात वेळ गेला. चूक आमचीच. पुढे चौकशी झाली, मावशीचा आणि मुलाचा जबाब झाला, आणि आदेश निघून पैसे मुलाच्या खात्यात जमा झाले. रक्कम किती ते लिहायचे नाही अशी मावशीची ताकीद आहे. गेले तेवढे आले नाही, पण कानातले सुटले, गटाचे कर्ज फिटले. उरलेल्या पैशांतून मुलाने ताडपत्रीच्या जागी पत्र्याची टपरी केली आहे. डाव्या हाताने तो हिशेब लिहितो. अक्षर वाकडे आहे, हिशेब सरळ आहे.

आता वाचकांनी ध्यानात ठेवायच्या चार गोष्टी.

फिर्याद दिली की तिची प्रत मागून घ्यावी, ती विनामूल्य मिळते. उपचाराचा एकही कागद फेकू नये. जखम मोठी असेल आणि हातात पैसा नसेल, तर तातडीची मदत आणि प्रथमोपचार यासाठीही प्राधिकरणाला आदेश देता येतो, त्यासाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्यांचा दाखला लागतो. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. त्यात हीच तरतूद कलम ३९६ मध्ये आहे. कोणी ‘ते कलम रद्द झाले’ म्हणाले, तर हा आकडा सांगावा. आणि अर्जाला उशीर करू नये.

गुन्हा जातीच्या द्वेषातून घडला असेल, तर वाट वेगळी आहे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली १९९५ चे नियम आहेत. २०१६ साली ते सुधारले. त्यानुसार गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे ८५ हजार ते सव्वाआठ लाख रुपये अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने देण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची आहे. आपल्याकडे हे काम समाज कल्याण खात्यामार्फत चालते. त्यासाठी निकालाची वाट पाहत बसायचे नसते, पहिले टप्पे त्याआधीच द्यायचे असतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा जातीचा दाखला घरात तयार ठेवावा. अत्याचार झालेल्या स्त्रिया आणि बालकांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे.

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला विधी सेवेचा वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

शेवटी एकच सांगणे. आपल्या वस्तीत मार खाल्लेले, माणूस गमावलेले घर असेल, तर त्या घरी जा. पुढारी, शिकलेले, अर्ज लिहिणारे असाल, तर आधी जा. आणि जे आम्ही म्हणालो ते तुम्ही म्हणू नका. ‘आता काही होणार नाही’ हे वाक्य बोलायला काही लागत नाही, पण त्याची किंमत दुसऱ्याचे घर मोजते.

जय भीम!