पिस्तूल घ्यायचं ठरलं, पण कोणतं?

‘घरात पिस्तूल?’ तुमच्याही तोंडून हेच निघालं ना? आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाने हेच विचारलं. म्हणून आधी आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगते.

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळचे. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या कामासाठी देशभर पांगली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, हा तो धंदा. माझे सासरे कोलकात्याला आले तेव्हापासून आमची भट्टी बहूबाजारातल्या एका गल्लीत आहे. सराफाकडून माल आणायचा, शुद्ध करून परत पोचवायचा. म्हणजे आमच्या घरातल्या कुणाच्या तरी खिशात रोज दुसऱ्याचं सोनं असतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांना रात्री दोघांनी गाठलं. चाकू लावून पिशवी नेली. जीव वाचला, पण सोनं सराफाचं आणि भरपाई आमची. ती भरायला गावाकडचं रान विकावं लागलं. त्यानंतर भावजींनी शस्त्र परवान्यासाठी अर्ज केला.

कोलकाता शहरात हा परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो. शस्त्र कायदा 1959 चा आहे. वय 21 पूर्ण हवं, पोलिसांची चौकशी होते आणि 2016 च्या नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं ठेवता येतात आणि परवाना 5 वर्षांचा असतो.

परवाना हाती आला आणि खरा प्रश्न उभा राहिला. घ्यायचं कोणतं? नवं परवडत नव्हतं, म्हणून जुनं बघायचं ठरलं. घरचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे भावजी म्हणाले, ‘वहिनी, तुम्हीही चला.’

डलहौसीच्या भागात बंदुकांची जुनी दुकानं आहेत. तिथे जाताना भावजींच्या मनात एक छोटंसं परदेशी पिस्तूल होतं. पॉइंट 25 बोअरचं, तळहातात मावेल असं. दिसायला दागिन्यासारखं! पण किंमत ऐकून मी हातातली पर्स घट्ट धरली. 1980 च्या दशकात खासगी वापरासाठी परदेशी हत्यारं आणण्यावर निर्बंध आले. त्यामुळे देशात आधीपासून असलेली पिस्तुलंच हातोहात फिरतात आणि त्यांचे भाव चढलेले असतात. तुम्ही पैसे मोजता ते नावाचे आणि दुर्मीळपणाचे. ते पिस्तूल वेळेला चालेल का, हा प्रश्न वेगळाच राहतो.

आमच्या सोबत बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी आम्हाला जे शिकवलं, ते तुम्हालाही सांगते. जुनी गाडी घेताना आपण इंजिन बघतो, रंग नाही. इथेही तसंच.

पहिलं बघायचं ते कागद. हत्यारावरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर एकच हवा. नंबर घासलेला दिसला की तिथून उठायचं. विकणारा दुकानदार नसून खासगी परवानाधारक असेल, तर त्याने आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि निदान 45 दिवस थांबायचं, असं कायदा सांगतो. ‘आज घ्या, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

दुसरं, काडतूस. पॉइंट 32 म्हटलं की सगळं एकच, असं मला वाटायचं. पण पॉइंट 32 च्या रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. शिवाय 9 मिलिमीटरची सैनिकी काडतुसं चालणारं पिस्तूल सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही. म्हणून ज्याची काडतुसं आपल्या शहरात नेहमी मिळतात, तेच हत्यार बघायचं. वर्षातून चार वेळा सरावच करता आला नाही, तर ते जवळ बाळगून उपयोग काय?

तिसरं, तब्येत. नळी आतून गंजलेली किंवा फुगलेली नको. मॅगझिनचे ओठ वाकलेले नकोत, कारण पिस्तूल अडकतं ते बहुतेक वेळा मॅगझिनमुळे. स्प्रिंगा थकलेल्या असतात, त्या बदलून मिळतात का ते विचारायचं. सुरक्षेचा खटका ढिला असेल तर पुढचं काही बघायचंच नाही. आणि सगळं ठीक वाटलं तरी रीतसर रेंजवर गोळ्या झाडून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

त्या छोट्या परदेशी पिस्तुलाचे सुटे भाग मिळत नव्हते. शेवटी सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं पॉइंट 32 पिस्तूल घेतलं. जाड, बोजड, नावाचा रुबाब नाही. भावजी जरा हिरमुसले. पण त्याचे भाग मिळतात आणि रेंजवर ते एकदाही अडकलं नाही.

कोलकाता आणि पिस्तूल यांचं नातं जुनं आहे बरं का! 26 ऑगस्ट 1914 रोजी क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीच्या मालातून 50 माउझर पिस्तुलं आणि 46,000 काडतुसं पळवली. ती बैलगाडी पोचली मलंगा लेनमध्ये, म्हणजे आमच्या भट्टीच्या शेजारीच. त्या कटाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या बिपिनबिहारी गांगुलींचं नाव आज बहूबाजारच्या मुख्य रस्त्याला आहे. माझी मुलं ही गोष्ट आवडीने ऐकतात. पण त्या पिस्तुलांमागचं कारण वेगळं होतं, हे मी त्यांना दर वेळी सांगते. आमच्या पिस्तुलात वीरश्री काही नाही. तिजोरीच्या किल्लीसारखी ती एक जबाबदारीची वस्तू आहे.

घरात दोन लहान मुलं आहेत, म्हणून माझ्या अटी होत्या. पिस्तूल घरात आलं की रिकामं करून भिंतीत बसवलेल्या लॉकरमध्ये. काडतुसं दुसऱ्या कपाटात. किल्ली फक्त भावजींच्या कमरेला. दाखवायला म्हणून काढायचं नाही, पाहुण्यांना नाही आणि लग्नाच्या वरातीत तर नाहीच. आनंदात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्त्यावरही ते होल्स्टरमध्ये, झाकलेलं आणि आपल्या ताब्यातच हवं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. प्रशिक्षण देणाऱ्या निवृत्त सुभेदारांनी भावजींना विचारलं, ‘चाकूवाला दोन हातांवर उभा आहे. तुम्ही पिस्तूल काढेपर्यंत तो काय करेल?’ भावजी गप्प झाले. घरी येऊन जेवतानाही ते फारसे बोलले नाहीत. कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर आपणच आरोपी होऊ शकतो.

त्या रात्री आम्ही सगळ्यांनी बसून धंद्याची घडीच बदलली. आता अंधार पडल्यावर माल हलत नाही. एकटं कुणी जात नाही. वेळ आणि रस्ता रोज बदलतो. मालाचा विमा उतरवला. यातल्या कशालाच परवाना लागला नाही.

मग पिस्तुलाचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. मोठी खेप असते त्या दिवशी ते भावजींच्या कमरेला असतं. सासूबाई देवापुढे दिवा लावतात आणि ते परत येईपर्यंत दारात उभ्या राहतात. पिस्तूल नसतानाही त्या अशाच उभ्या राहायच्या. आजवर ते एकदाही बाहेर काढावं लागलेलं नाही, आणि तसंच चालू राहावं अशी आमची इच्छा आहे.

तुमच्या घरात कुणाला खरोखरच गरज असेल, तर परवाना, कागद, मिस्त्री आणि सराव, या चारही गोष्टी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ घरच्यांसोबत बसा. लॉकर कुठे बसवायचा, किल्ली कुणाकडे राहील आणि मुलांना काय सांगायचं, हे ठरवा. ते ठरत नसेल, तर खरेदी पुढे ढकला.