भिंगरीला सांभाळताना

दोस्तांनो, अडीच वर्षांच्या भावंडाला एका जागी बसवून पाहिलंय कधी? आमची चिमू म्हणजे नुसती भिंगरी! आमच्या नवघरजवळचं, खाडीपलीकडे १९८९ साली सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड आता बंद झालंय. म्हणून आम्ही खोपोलीजवळच्या, २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकात गेलो. संध्याकाळच्या परेडला चिमू माझ्या ताब्यात! मग काय, आधी तिला मनसोक्त पळू दिलं, खाऊ भरवला, आईचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या खिशात घातली आणि कडेची जागा धरली. गाण्यांचा दणदणाट सुरू होताच ती मला घट्ट बिलगली. मी तिचे कान झाकले. थोड्या वेळानं स्वारी जागच्या जागी नाचू लागली! लहानग्यांना ‘गप्प बस’ म्हणू नका, हलू द्या. हात मात्र सोडू नका हं!